अठरा फूट, चोवीस फूट आणि उजनीचं पाणी

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, पुतण्याने दोन कोटेशनं शेजारी शेजारी ठेवली. एक १८ फुटी पाँटून बोटीचं, दुसरं २४ फुटीचं. "काकू, तुम्ही गणिताच्या बाई. आता तुम्हीच सांगा," म्हणाला. मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. दोन्ही कागद चष्म्याखाली धरून मी पहिल्या पाच मिनिटांत उत्तर दिलं: मोठी घे. ते उत्तर मागे घ्यायला मला जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षात काय काय पाहिलं आणि मोजलं, ते लिहून ठेवते आहे, कारण उजनी धरणाच्या काठावर आता बरेच जण बोट घ्यायच्या विचारात आहेत.

माझं सासर करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून, केत्तूरच्या बाजूला. जुनं गाव धरणात गेलं, लोक वर येऊन वसले. आमच्या वाट्याला जी जमीन उरली तिच्या बांधापर्यंत पावसाळ्यानंतर पाणी येतं. पुतण्या तिथे ऊस करतो आणि गेल्या काही वर्षांपासून हिवाळ्यात पाहुण्यांची सोयही. सोलापूर, बार्शी, पुण्याकडून लोक येतात. सकाळी पक्षी, दुपारी चिलापीचं कालवण आणि भाकरी, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. पक्षी दाखवायला तो गावातल्या मच्छीमारांच्या होड्या ठरवायचा. पण पत्र्याच्या अरुंद होडीत तळाशी बसावं लागतं आणि उठून उभं राहिलं की ती डुलते. गुडघे दुखणाऱ्या आजी काठावरच बसून राहायच्या. नातवंडं लांबून हात हलवायची. ते बघून पुतण्याच्या मनात पाँटून बोट आली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन लांब, हवाबंद अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, एकमेकींपासून अंतर ठेवून समांतर. त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, त्यावर सपाट तळफळी, भोवती कठडा, बाकं, वर छत. मागे आउटबोर्ड इंजिन. तरंगणारी ओसरीच म्हणा. दोन नळ्यांमधल्या अंतरामुळे ती डुलत नाही, आणि पाण्यात फूटभरच बुडते. म्हाताऱ्या माणसाला फळीवरून चालत आत जाता येतं, खुर्चीसकट सुद्धा. मोठ्या बोटीला काही जण मध्ये तिसरी नळीही लावून घेतात. आमच्याकडे आलेली दोन्ही कोटेशनं दोन नळ्यांचीच होती. लहानीला २३ इंच व्यासाच्या, मोठीला २५ इंचाच्या.

मोठीच्या बाजूने सगळेच होतो. शाळेची सहल आली की ४० मुलं. कुटुंब आलं की १२ जण. कारागिराने मोठीवर १४ माणसं लिहून दिली होती, लहानीवर ८. किंमत दुपटीला थोडी कमी. बँकेचं कर्ज काढायचंच तर एकदाच काढू, असं आमच्या ह्यांचंही मत पडलं.

पहिला खोडा घातला तात्यांनी. तात्या आमच्या काठावरचे जुने मच्छीमार. बोट चालवायला तेच असणार होते. त्यांनी कागदावरचं चित्र बघितलं, लांबी विचारली, आणि म्हणाले, "मे महिन्यात हिला ठेवणार कुठं?"

या प्रश्नाचा अर्थ उजनी ठाऊक असलेल्या माणसालाच कळेल. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला वापरायचा साठा ५३.५७, आणि त्याखाली मृतसाठा ६३.६६. आपण पेपरात "उजनी मायनसमध्ये" वाचतो तेव्हा वापरायचं पाणी संपलेलं असतं आणि मृतसाठ्याला हात लागलेला असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण जवळपास उणे ६० टक्क्यांपर्यंत उतरलं. हिशेब करा. ५३.५७ चे ६० टक्के म्हणजे ३२ टीएमसी. मृतसाठ्यातून तेवढं गेलं की उरतं तेही साधारण ३२. म्हणजे ज्या बोटीला ऑक्टोबरात ११७ टीएमसीच्या समुद्रावर फिरायचं, तिलाच मे अखेरीस त्याच्या पावभरापेक्षा थोड्या जास्त पाण्यात राहायचं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरलं. कोटेशनवर बोटीची लांबी होती, रुंदी होती, माणसं होती. हे पाणी कुठेच नव्हतं.

मी त्या मे महिन्यात पंधरा दिवस गावी राहिले. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पाणी उतरलं की खाली जायचं असतं. चौऱ्याऐंशीचे आहेत. गाव बुडालं तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर होते. सकाळी सहाला आम्ही दोघं बांधावरून उतरलो. ऑक्टोबरात जिथे पाणी बांधाला लागतं तिथून पाण्याच्या कडेपर्यंत मी पावलं मोजत गेले. १,१४० झाली. आमच्या बाजूला उतार इतका सपाट आहे की पाणी पुरुषभर खाली गेलं की काठ फर्लांगभर पुढे सरकतो. वरची माती वाळून भेगाळलेली, पण पाण्याच्या अलीकडची शेवटची शंभर-दीडशे पावलं म्हणजे नुसता काळा गाळ. मामांची काठी त्यात वीतभर गेली आणि निघेना.

आणि मध्ये जे जे उघडं पडलेलं होतं ते बघून मला बोटीचा तळ डोळ्यांसमोर यायला लागला. बाभळीचे खुंट, टोकदार, पाण्यात राहून लोखंडासारखे टणक झालेले. गावकुसाचे दगड. एका विहिरीची कड, आतून गाळाने भरलेली पण कड शाबूत. मामा थांबून थांबून सांगत होते. "हितं चावडी. हितनं खाली आमची आळी. ह्या दगडावर तुझी सासू धुणं आपटायची." मी त्यांचं ऐकत होते, आणि मनात त्याच दगडावरून सहा महिन्यांनी किती फूट पाणी असेल ते मांडत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. हे गाव पाण्याखाली आहे, आणि त्यावरून बोट जाणार आहे, तर कुठे काय आहे हे ठाऊक असायलाच हवं. वहीत नकाशा काढला. मामांनी प्रत्येक विहीर दाखवली.

तेवढ्यात, २१ मे २०२४ ला, संध्याकाळी, करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. आमच्या गावात त्या रात्री कोणी झोपलं नाही. इकडून तिकडे रस्त्याने जायचं तर केवढा वळसा, म्हणून लोक वर्षानुवर्षं होडीने पलीकडे जातात. आमच्या घरातलेही गेलेले आहेत. त्या सकाळी हवा स्वच्छ होती, ऊन कडक होतं, आणि दुपारनंतर वारं फिरलं. वळवाचं वारं असंच येतं.

त्यानंतर तीन महिने आमच्या घरात बोटीचा विषय कोणी काढला नाही. काढला तो मामांनीच, आणि वेगळ्या शब्दांत. म्हणाले, "बोट घ्या, पण वाऱ्याला विचारून घ्या."

मग मी वही उघडली. लांबी आणि माणसं बाजूला ठेवून नळ्यांपासून सुरुवात केली. हा हिशेब कोणालाही करता येतो, म्हणून मांडते. नळी म्हणजे वृत्तचिती. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले लांबी. जेवढे लिटर आकारमान तेवढे किलो वजन ती पूर्ण बुडेपर्यंत पेलते. २३ इंच म्हणजे ५८ सेंटिमीटर. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर. पुढचं टोक निमुळतं असतं, ते वजा करून एका नळीचे सुमारे १,४०० लिटर. दोन्हींचे २,८००. मोठीच्या नळीचे तसेच सुमारे २,२००, दोन्हींचे ४,४००.

आता नळ्या किती बुडू द्यायच्या? मी माझा नियम ठरवला. शांत पाण्यात, सगळी माणसं बसलेली असताना, अर्ध्याच. उरलेली अर्धी वाऱ्यासाठी आणि माणसांच्या धावपळीसाठी राखीव. म्हणजे लहानीला १,४०० किलो, मोठीला २,२००. त्यातून बोटीचं स्वतःचं वजन काढायचं. तळफळी, कठडा, छत, बाकं, इंजिन, बॅटरी, पेट्रोल, नांगर सगळं धरून लहान साधारण ८५० भरत होती, मोठी १,२५०. उरले अनुक्रमे ५५० आणि ९५०. माणूस ७५ किलोचा धरला तर लहानीत ७, मोठीत १२. कोटेशनवर ८ आणि १४ होते. कारागीर खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही, त्याचा नियम अर्ध्याच्या थोडा पुढचा असणार. पण कुगावनंतर मला माझाच नियम हवा होता.

नोव्हेंबरात आम्ही मोठी बोट बघायला गेलो. ओळखीच्या एकांकडे, दुसऱ्या एका धरणावर, तशीच २४ फुटी होती. खरं सांगते, मला ती फार आवडली. आत पाऊल टाकलं तरी हलत नाही. दहा जण असूनही मधे मोकळी जागा. लाटा आल्या तेव्हा लांबीमुळे ती एकाच वेळी दोन-तीन लाटांवर टेकून राहते. आदळत नाही. लहान बोटीचं नाक लाटेत बुडू पाहतं, हिचं नाही. रुंद पाण्यावर मैलभर जायचं तर मी आजही तिलाच पसंती देईन. या बाबतीत लहान बोट तिच्या पासंगालाही पुरत नाही.

पण परतताना चार वाजले होते आणि बाजूने वारं सुटलं. जोराचं नव्हे, शेतातला कडबा हलावा एवढंच. कठड्याला बाहेरून पत्रे होते, वर पक्कं छत. बोट तिरकी जायला लागली. चालवणारा अनुभवी होता. तो धक्क्याच्या पन्नास फूट वरच्या अंगाला, वाऱ्याच्या बाजूला, नाक धरून चालवत होता, तरी आम्ही धक्क्यावर न येता धक्क्याच्या खाली, दगडांकडे सरकत होतो. शेवटी दोर फेकला. काठावरच्या तिघांनी पाय रोवून ओढलं तेव्हा ती टेकली.

घरी येऊन मी तोही हिशेब केला. ताशी ५० किलोमीटरचं वारं सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण १२ किलोचा रेटा देतं. मोठीची बाजू, पत्रे आणि छताची कड धरून, १० चौरस मीटर. म्हणजे १२० किलोचा सतत रेटा. वारं दुप्पट झालं तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. वळवाच्या झोताचं काय होत असेल ते त्यावरून समजा. एवढ्या बोटीला कळकाने, म्हणजे लांब बांबूने, रेटून वळवता येत नाही, इंजिन बंद पडलं तर माणसांच्या हातात काही उरत नाही.

तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगताय? मी तर पयल्याच दिवशी बोललो हुतो." ते खरंच होतं.

लहानीची चाचणी डिसेंबरात झाली. कारागिराकडे नमुन्याची १८ फुटी बोट तळ्यात होती. मी त्याला आधीच सांगितलं होतं, माणसं नकोत, वाळूची पोती भरून ठेवा. ४० किलोचं एक, अशी १३ पोती. ५२० किलो, सात माणसांएवढं. आधी बाकांवर सगळीकडे सारखी ठेवली. नळ्या बरोबर अर्ध्यावर आल्या. वहीतलं गणित पाण्यावर जसंच्या तसं उतरलेलं बघून मला फार बरं वाटलं.

मग सगळी पोती एका कठड्याला लावायला सांगितली. कारागीर म्हणाला, "मॅडम, असं कोणी करत नाही." पण तसंच करतात. मी पंचवीस सहलींबरोबर गेलेली बाई आहे. डाव्या अंगाला रोहित पक्ष्यांचा थवा उठला की सात जण मोबाइल घेऊन डाव्या कठड्याला जाणार, त्यांना कोणीही अडवू शकत नाही. पोती लावली. त्या बाजूची नळी ४० सेंटिमीटर बुडाली, पलीकडची १८ वर आली. नळी ५८ ची. म्हणजे भरलेल्या बाजूला पाण्यावर फक्त वीतभर, १८ सेंटिमीटर नळी कोरडी राहिली. तळ्यातल्या शांत पाण्यात. उजनीवर दुपारी तेवढ्या उंचीच्या लाटा रोजच असतात.

पुतण्याचा चेहरा उतरला. मोठीला वारं ओढतं, लहान एका बाजूला कलते. "मग घ्यायचीच नाही का काकू?"

परतीच्या वाटेवर, टेंभुर्णीला चहाला थांबलो होतो. तिथे माझ्या डोक्यात आलं की आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून बसलो आहोत. लहान बोट म्हणजे बारीक नळ्या, मोठी म्हणजे जाड नळ्या, हे कोटेशनने ठरवलं होतं. तसं असायला हवं असं कुठे आहे? १८ फुटी तळफळीखाली २५ इंची नळ्या लावल्या तर? व्यास दोनच इंच वाढतो, पण त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणून आकारमान १८ टक्क्यांनी वाढतं. एका नळीचे १,४०० चे १,६५० लिटर. टिश्यूपेपरवर मांडलं. तीच सात माणसं, तोच एका बाजूचा कल. जाड नळी ३८ सेंटिमीटर बुडणार, आणि वर कोरडी राहणार २५. वीतभराची सव्वा वीत झाली. अर्ध्याच्या नियमाने दहा माणसं पेलेल, आणि आम्ही तिच्यावर आठच बसवायची, चालवणारा धरून.

कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, होतं की, थोडे पैसे वाढतील, कोणी मागत नाही म्हणून देत नाही. नळीच्या आत मी आडव्या भिंती घालून चार कप्पे मागितले, एकमेकांना न जोडलेले, म्हणजे बाभळीचा खुंट एका ठिकाणी घुसला तरी एकाच कप्प्यात पाणी भरेल. तेही मान्य झालं. पत्र्यांऐवजी कठड्याला नुसते गज. छत कापडी, दोन मिनिटांत खाली पाडता येईल असं. वाऱ्याला धरायला जेवढं कमी तेवढं चांगलं.

पुतण्याचं मन मात्र अजून ४० मुलांत अडकलं होतं, आणि त्याचं चुकत नव्हतं. कर्ज त्याच्या नावावर. मोठीत एका वेळी दहा मुलं नेली तर चार फेऱ्यांत सहल उरकते, लहानीत सहा नेली तर सात. दोन दिवस त्याने माझ्याशी फार बोलणं ठेवलं नाही. मीही बळजबरी केली नाही. धंदा तो चालवणार, दर आठवड्याला पाण्यावर तो जाणार. शेवटी त्याला पटवलं ते तात्यांनी, आणि गणिताने नव्हे. म्हणाले, "मोठीच्या पैशात ह्या पावणेदोन येत्यात. औंदा एक घे. चालली तर पुढच्या वर्षी दुसरी. दोन असल्या की एकीचं इंजिन बंद पडलं तर दुसरी वढून आणील. एकट्या मोठीला कोण वढणार? मी?" पुतण्या हसला आणि तिथेच ठरलं. सहलीच्या मुलांसाठी त्याने काठावर दुर्बीण उभी केली. सहा जण पाण्यावर, बाकीचे दुर्बिणीवर, मग पाळी बदलायची. खरं तर पक्ष्यांसाठीही हेच बरं. रोहित उथळ पाण्यात, चिखलात चोच उलटी घालून चरतात. दहा-बारा माणसांची गलबलाट करणारी बोट जवळ गेली की थवा उठतो आणि त्यांचं खाणं मोडतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. देशातल्या नद्या-जलाशयांवरच्या यांत्रिक बोटींना आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. आधीचा कायदा १९१७ चा होता. बोटीची पाहणी, नोंदणी, विमा हे सगळं त्यात येतं, आणि आपल्याकडे ते काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यामुळे त्यांचीही परवानगी. वेळ लागला, पण पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझी वही मागून घेतली आणि पोत्यांच्या चाचणीचं पान नीट वाचलं, ते मला आवडलं.

बोट फेब्रुवारीत आली, ट्रॉलीवर. आल्या आल्या मी नळ्यांवर बाहेरून, मधोमध, लाल रंगाची रेघ मारून घेतली. सगळे बसल्यावर रेघ पाण्याखाली गेली की एक माणूस उतरवायचा. कोण उतरणार यावर वाद नको म्हणून सगळ्यात शेवटी चढलेला उतरतो. लाइफ जॅकेट काठावरच घालायचं, बोटीत चढल्यावर नव्हे. पोहणाऱ्यानेही. दुपारी तीननंतर मार्च ते जून बोट पाण्यावर जाणार नाही, पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी. हा शेवटचा नियम तात्यांचा आहे आणि तो मोडायची कोणाची छाती नाही.

गाळाचा प्रश्न बोट लहान असल्यामुळेच सुटला. पाणी उतरायला लागलं की दर आठ-दहा दिवसांनी ती पुढे सरकवावी लागते. जमीन कोरडी असते तिथपर्यंत ट्रॅक्टर, आणि गाळात खाली ऊसाच्या पाचटाचा थर टाकून त्यावरून सहा जणांनी ढकलायची. ८०० किलोच्या वरची वस्तू सहा जण ढकलतात, कारण नळ्या पाचटावरून घसरतात. साडेबाराशेची बोट तशी हलली नसती. दुसऱ्या एका काठावर अशीच एक मोठी बोट पाणी गेल्यावर गाळात बसलेली मी पाहिली आहे. पावसाळ्यात धरण चढेपर्यंत ती तिथेच होती, तिच्या सावलीत शेळ्या बसायच्या.

पहिली फेरी कोणाला घेऊन जायचं याबद्दल घरात चर्चाच झाली नाही. मार्चमधली सकाळ, साडेसात. मामा फळीवरून स्वतः चालत आत गेले, कठड्याला धरून मधोमध खुर्चीवर बसले. आम्ही पाच जण आणि तात्या. मी वाकून बघितलं, लाल रेघ चार बोटं वर होती. लांब चित्रबलाकांची रांग पाण्यात उभी होती, त्यांच्यापासून लांब राहून तात्यांनी इंजिन मंद ठेवलं. माझ्या मांडीवर नकाशाची वही होती. मामांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते काठावरच्या वडाकडे बघत होते, मग पलीकडच्या टेकाडाकडे, आणि हाताने तात्यांना डावीकडे, आणखी डावीकडे करत होते.

"बास. हितं."

तात्यांनी इंजिन बंद केलं आणि पंखा पाण्याबाहेर उचलला. बोट तशीच पुढे सरकत राहिली, मग थांबली. पुतण्याने कळक मामांच्या हातात दिला. त्यांनी तो सरळ पाण्यात सोडला. हातभर, आणखी हातभर, आणि खाली टक्क असा आवाज आला. त्यांनी कळक थोडा सरकवला. पुन्हा टक्क. मग एकदा काहीच लागलं नाही, कळक खोल गेला.

"ही कड," मामा म्हणाले. "आन् ही विहीर."

मी वही उघडून बघितली. त्यांनी बोट जिथे थांबवली होती तिथेच माझ्या नकाशावर गोल काढलेला होता.